लडींच्या गाठी

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी वसलेल्या एका नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. त्या जन्मी त्यांचे नाव नागिल. नगरात रंगाऱ्यांची चाळीस घरे होती, पण निळीचे सर्वांत जुने कुंड नागिलांच्या अंगणात होते. निळीचे कुंड ही मोठी मानी वस्तू असते. त्यात चुना, गूळ आणि टाकळ्याच्या उकडलेल्या बिया घालायच्या, त्याला ऊब द्यायची, ढवळायचे, रोज त्याचा एक थेंब जिभेवर घेऊन त्याची तब्येत पाहायची. एवढे करून ते चांगले आंबले तर जिवंत, आणि रुसले तर मेले. मेलेल्या कुंडात सूत कितीही बुडवा, ते भिजते, रंगत नाही.

बोधिसत्त्वांना दोन मुलगे होते. थोरला सामक, धाकटा पुसक. त्यांची आई पुसक रांगत असतानाच वारली होती. ही गोष्ट सामकाची आहे, आणि सामकाबद्दल पहिल्यांदा सांगण्यासारखे हेच की तो आपल्या भावावर जळत होता. थोडाथोडका नाही. पुसक शेजारी जेवायला बसला की सामकाचा घास तोंडात नुसता फिरत राही.

कारण त्याच्या मते अगदी उघड होते. बाप पुसकाला शिकवीत असे आणि त्याला शिकवीत नसे.

सामक मंजिष्ठेच्या कढईशी उभा राहिला की बोधिसत्त्व म्हणत, "पहा." पाण्याला उकळी आली, मुळांचा रंग सुटू लागला, की पुन्हा म्हणत, "पहा." सूत बिघडले तर ते बिघडलेले सूत उन्हात त्याच्यापुढे धरीत आणि तेव्हाही तेवढेच म्हणत. आठव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आपण बापाकडून हा एकच शब्द ऐकला, असे सामकाचे म्हणणे होते. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

पुसकाचे सगळेच निराळे. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाप त्याच्या कानाशी बोलत राही. कुंडाशी, वाळवणाशी, नदीवर सूत पिळताना, चालताना, बसताना. काय बोलत ते सामकाला कधी कळले नाही, कारण तो जवळ गेला की बोलणे थांबे. सामक मुद्दाम पाय न वाजवता जाऊन पाहत असे. तरी थांबे.

शिवाय लाड होतेच. रानात बोरीखाली गेले की सामक ओंजळभर पिकली बोरे वेचून मोकळा होई आणि पुसक झाडापुढे नुसता उभा राही. मग बाप त्याला बोरे तोडून देई.

"राजकुमाराचे हात झिजतात वाटतं," सामक म्हणे.

पुसक हसून सोडून देई. ते हसणे सामकाला अधिकच झोंबे.

आणि त्या गाठी. घरातल्या सुताच्या प्रत्येक लडीच्या बांधणीच्या दोऱ्याला बोधिसत्त्व गाठी मारून ठेवत. कुठे एक, कुठे दोन, कुठे पाच. सामकाने फार पूर्वी एकदा विचारले होते, "बा, या कशाला?"

"पुसकासाठी," बोधिसत्त्व म्हणाले होते आणि कामाला लागले होते.

मत्सर करणाऱ्याला एवढे उत्तर जन्मभर पुरते. सामकाने मनाशी ठरवून टाकले की गाठी म्हणजे कृती आहेत. एक गाठ म्हणजे एक मूठ तुरटी, दोन म्हणजे दोन मुठी हिरडा, आणि बापाने आपली सगळी विद्या अशी गाठी मारून धाकट्याच्या नावे करून ठेवली आहे. त्याने एकदा घरी कोणी नसताना या हिशेबाने सूत रंगवूनही पाहिले. ते म्हशीच्या पाठीसारखे निघाले. आपली समजूत चुकली असावी, असे त्याला तेव्हा वाटायला हवे होते. त्याला वाटले, मधला एखादा टप्पा बापाने फक्त कानात सांगितला असणार.

अशी वीस वर्षे गेली. बोधिसत्त्वांचे हात कापू लागले आणि कुंड कोणाकडे द्यायचे हा प्रश्न आला.

तिथल्या रंगाऱ्यांची रीत अशी होती. बाप ज्याचे नाव घेईल तो कुंडाचा धनी. शरदातल्या पौर्णिमेच्या सकाळी श्रेणीतले, म्हणजे रंगाऱ्यांच्या संघातले, सगळे जण त्या घरच्या अंगणात जमत, राजा स्वतः येई. श्रेणीप्रमुख पाच रंगांची नावे एकेक करून घेई आणि नवा धनी आपल्याच घरच्या लडींतून ती ती लड उचलून राजाच्या हाती देई. लहान पोरालाही जमेल अशी ही परीक्षा होती, म्हणून तिला कोणी परीक्षा म्हणत नसे. पण रीत जुनी होती आणि तिची दुसरी बाजूही तितकीच जुनी होती. जो रंग ओळखण्यात चुकेल त्याच्या घरचे कुंड तिथल्या तिथे मातीने बुजवायचे. असे घडल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते.

पौर्णिमेला चार दिवस असताना बोधिसत्त्व जेवताना म्हणाले, "कुंड पुसकाकडे राहील. सामका, जेवण झालं की जरा बस माझ्याजवळ. बोलायचं आहे."

सामक ताटावरून उठला.

"बोलायचं काय त्यात? वीस वर्षं पाहतोच आहे, बा. हेही पाहतो."

तो नदीवर जाऊन बसला. थोरला मी, पहाटे उठून चुना फोडणारा मी, पाठीवर ओल्या सुताचे ओझे वाहणारा मी, आणि कुंड त्याला. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बापाने पुढच्या तीन दिवसांत दोनदा त्याला हाक मारली. दोन्ही वेळा सामकाला नेमके काहीतरी काम निघाले.

आदल्या दिवशी भर दुपारी बाप आणि भाऊ सूत धुवायला नदीवर गेले होते. विधीच्या लडी ओसरीवर बांबूवर टांगलेल्या होत्या. सामकाने कातर घेतली. कुंड घेतोस ना, घे, तो मनात म्हणाला, पण विद्या नाही मिळायची. त्याने एकेका लडीच्या दोऱ्याचे शेपूट गाठींसकट कापले आणि चुलीत टाकले. सूत जळल्याचा वास घरात थोडा वेळ राहिला. त्याला बरे वाटले. त्या चार दिवसांत तो पहिल्यांदाच पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी भरले. लडींची टोपली सामकाने स्वतःच नेऊन ठेवली. रीतीप्रमाणे लडी धुपावर धरून पाटावर ओळीने मांडल्या गेल्या. राजा सुबाहू बसला, शेजारी श्रेणीप्रमुख वीरण उभा राहिला. वीरण म्हातारा होता, तोंडाने कडक होता आणि रीतीपुढे सख्ख्या भावालाही ओळखत नसे.

"नीळ," वीरण म्हणाला.

पुसकाने निळी लड उचलली. उचलताना त्याची बोटे सवयीने दोऱ्याच्या टोकाशी गेली आणि क्षणभर थबकली. पण लड बरोबर होती. राजाने ती घेतली.

"हळदी."

तीही बरोबर.

"मंजिष्ठेचा लाल."

पुसक थांबला. त्याने एक लड हातात घेतली, दोरा चाचपला, खाली ठेवली. दुसरी घेतली, नाकाशी नेली. तिला धुपाचा वास होता. सगळ्यांनाच धुपाचा वास होता. लाल लड पाटाच्या मधोमध होती, निखाऱ्यासारखी लाल, मागच्या रांगेतल्या माणसालाही ती दिसत होती. पुसकाचा हात तिच्यावरून दोनदा गेला आणि हिरव्या लडीवर जाऊन थांबला, पुन्हा मागे आला.

कोणीतरी हसले. मग कोणीच हसेना.

पुसकाने हात मागे घेतला आणि राजाला नमस्कार केला. "महाराज, मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत," तो म्हणाला. "कधीच दिसले नाहीत. आज बोट ठेवायला गाठ नाही, त्यामुळे कुठली लड कुठली ते मला सांगता येणार नाही."

त्या क्षणी सामकाला काय वाटले ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला आनंद झाला. तो आनंद पापणी लवेपर्यंत टिकला. मग त्याला बोरीचे झाड आठवले. हिरव्या पाल्यात लाल बोरे, आणि त्या झाडापुढे नुसता उभा राहिलेला सात वर्षांचा पुसक.

वीरण बोधिसत्त्वांकडे वळला. "नागिला, रंगाऱ्याच्या घरात रंग न दिसणारा, आणि आम्हाला पत्ता नाही? तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं," बोधिसत्त्व म्हणाले. "हा लहान असताना यानं माझ्याकडून शब्द घेतला होता. कुणाला सांगू नका, दादालासुद्धा नको, दादा हसेल म्हणाला. मी शब्द पाळला. आज तो स्वतः बोलला, म्हणून मीही बोलतो. त्याला रंग मी तोंडानं सांगत आलो. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा. त्यावर तो चालतो."

"मग गाठी कुठं गेल्या?"

बोधिसत्त्वांनी एक लड उचलून दोऱ्याचे टोक पाहिले. "कापलेल्या आहेत. कोणी कापल्या ते मी पाहिलेलं नाही."

त्यांनी सामकाकडे पाहिले नाही. पाहिले असते तर साऱ्या अंगणाला कळले असते. ते राजाकडे पाहून पुढे म्हणाले, "महाराज, दोष माझा आहे. माझी दोन मुलं. एकाला मी सगळं सांगत राहिलो आणि दुसऱ्याला, मी तुला का सांगत नाही, एवढंही सांगितलं नाही. ज्याला दिसतं त्याला दाखवलं की भागतं असं मला वाटलं. भागत नाही. तोही मूलच होता."

सामक खांबाला टेकून उभा होता. वीस वर्षे ज्या बोलण्यावर त्याने कान लावले होते, ते बोलणे काय होते हे आता त्याला कळले. कानात विद्या सांगितली जात नव्हती. हे लाल आहे पोरा, हे हिरवे आहे, एवढेच सांगितले जात होते, रोज, नव्याने.

"रीत ती रीत," वीरण म्हणाला. "माती आणा."

चौघांनी पाट्या उचलल्या. तेव्हा पुसक पुढे झाला.

"वीरणकाका, बुजवू नका," तो म्हणाला. "कुंड आज फार छान आलंय. चूक माझी झाली, त्याची नाही. दादाला द्या ना. त्याला सगळं दिसतं."

वीरणाने थोडा विचार केला. घरात रंग ओळखणारा असेल तर कुंड त्याच्याकडे जावे, याला रीतीची हरकत नव्हती. त्याने सामकाला पुढे बोलावले आणि पाच रंगांची नावे घेतली. सामकाने पाच लडी श्वास घेण्याइतक्या वेळात काढून दिल्या. लोकांनी माना डोलावल्या. राजाने कुंड ढवळण्याची लांब काठी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

सामकाला जे हवे होते ते हेच. काठी एका हाताच्या अंतरावर होती आणि ती घेण्यासाठी त्याला काहीच करायचे नव्हते, नुसते गप्प राहायचे होते. बाप बोलणार नव्हता. भावाला संशय नव्हता. चुलीतल्या गाठींची केव्हाच राख झाली होती. त्याने हात पुढे केला, काठीला बोटे लावली, आणि त्याला भावाचा चेहरा दिसला. पुसक हसत होता. कुंड वाचले म्हणून त्याला खरोखर आनंद झाला होता, आणि ते दादाला मिळाले म्हणूनही. जळण्यासारखे त्या चेहऱ्यावर काही शोधूनही सापडेना.

सामकाने हात मागे घेतला.

"गाठी मी कापल्या," तो म्हणाला. "मला वाटलं त्यात कृती आहेत आणि बा फक्त याला देतो. काल दुपारी कापल्या."

पुसकाने मान खाली घातली. वीरण सवयीने कुरकुरत कुंडाशी गेला आणि पुसकाला म्हणाला, "डोळ्याचं कळलं. आता जीभ दाखव."

पुसकाने बोट बुडवून जिभेला लावले. "चुना कालच्याहून चढलाय. संध्याकाळी दोन मुठी बिया पडल्या नाहीत तर परवापर्यंत रुसेल."

वीरणाने चव घेतली, पुन्हा घेतली, आणि थुंकला. "हे माझ्या जिभेला उद्या कळलं असतं," तो नाखुशीने म्हणाला. "महाराज, या घरानं पाचही लडी ओळखल्या, रीत पुरी झाली. लडी ओळखायला कोणीही मिळेल. कुंड ओळखणारा हा आहे. माझ्या मते कुंड याचंच."

राजाने काठी पुसकाच्या हाती दिली. मग तो बोधिसत्त्वांना म्हणाला, "आणि थोरल्याला काय शिक्षा द्यायची ते तुम्ही सांगा."

"एक वर्ष यानं भावाला रंग सांगावेत," बोधिसत्त्व म्हणाले. "गाठी मारायच्या नाहीत. तोंडानं सांगावेत."

लोकांना ही शिक्षाच वाटली नाही. सामकालाही आपण स्वस्तात सुटलो असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ वाळवणाशी बसले. सामकाने एक लड घेऊन भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, "हा लाल."

"बरं," पुसक म्हणाला. "कसला लाल? बा सांगायचे कसला ते."

"कसला म्हणजे? लाल. चांगला लाल."

"कालच्यापेक्षा निराळा?"

निराळा होता. कालचा थोडा जड होता, हा मोकळा होता. सामकाला ते ढळढळीत दिसत होते. त्याने तोंड उघडले आणि त्याला एकही शब्द सापडेना. जास्वंद म्हणावे तर पुसकाने जास्वंद लाल कधी पाहिली होती? रक्त म्हणावे, निखारा म्हणावे, सगळे तिथेच जाऊन अडे. दुपार झाली तरी तीच लड दोघांच्या मध्ये होती. पुसक शांतपणे वाट पाहत होता. वाट पाहण्याची त्याला सवय होती. सामकाला मात्र घाम फुटला होता, आणि नगरातला सर्वांत तयार डोळा त्याच्या काही कामाला येत नव्हता.

शेवटी तो उठून बापाकडे गेला. बोधिसत्त्व ओसरीवर हिरडे निवडत बसले होते. सामक त्यांच्यासमोर बसला. बऱ्याच वर्षांत तो असा बसला नव्हता.

"बा, लाल कसा सांगायचा?"

"मला नाही माहीत," बोधिसत्त्व म्हणाले. "पण त्या दिवशी जेवणानंतर तुला एक सांगणार होतो, तू थांबला नाहीस. तुझ्या डोळ्याला कुठल्याही नगरात भाकरी आहे. त्याच्या जिभेला हे एक कुंड आहे. म्हणून ते त्याला दिलं. तुझ्यावरची माया कमी होती म्हणून नाही."

सामकाने विचारले, "पण तुम्ही त्याला सांगत तर होता. सुरुवातीला काय सांगितलंत?"

"सुरुवातीला वर्षभर मलाही काही सुचलं नाही."

"मग काय केलंत?"

"त्याच्याजवळ बसून राहिलो," बोधिसत्त्व म्हणाले.

सामक उठला आणि भावाजवळ जाऊन बसला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात सुमुख नावाच्या भिक्षूला सांगितली. शास्ते मंडक नावाच्या मंदबुद्धी भिक्षूला रोज प्रहरभर शिकवत आणि आपल्याला एका ओळीत वाटेला लावतात, म्हणून सुमुखाने तीन दिवस कोणाशी बोलणे टाकले होते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "सुमुखा, तेव्हाचा पुसक म्हणजे आजचा मंडक. वीरण म्हणजे आपला तो म्हातारा द्वारपाल, अजूनही कुरकुरतो. राजा सुबाहू म्हणजे ज्याच्या आंबराईत आपण राहतो तो माळी. नागिल रंगारी मीच होतो. सामक कोण, ते तुला ठाऊक आहे." सुमुखाने मान हलवली. त्याला ठाऊक होते. ज्याने अपराध जाणूनही मुलाचे नाव घेतले नाही, दोष आधी आपल्याकडे घेतला आणि मुलगा आपण होऊन बोलेपर्यंत वाट पाहिली, त्या बापाच्या ठायी क्षांती, म्हणजे सहनशीलता, ही पारमिता पूर्ण झाली होती.